घाल्या साहेब आणि गाळ्या साहेब

मार्गशीर्ष शुद्ध ४, शके १७८६. अमरावती

पत्र परत आलं! साहेबानं तांबड्या शाईनं पाच ठिकाणी टोचून परत धाडलं. आणि पाचही ठिकाणी एकच अक्षर — यू. यू, यू, यू, यू! जणू पत्राला गोवर निघालाय.

पत्र हातात धरून हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. काय केलंस म्हणाले. मी म्हटलं, काही केलं नाही. म्हणाले, साहेबाचं तेच म्हणणं आहे. घालायचं ते अक्षर घातलंच नाही.

आता इथं खरं लिहायला हरकत नाही. ही वही माझी. बिघडलेल्या पत्रांच्या कोऱ्या बाजू जमवून मीच शिवलेली, आणि घरात ती वाचणारं दुसरं कोणी नाही. यांना नाही वाचता येत असं नाही, पण पिठाच्या डब्यामागे हात घालायचं यांना काय कारण?

हे खुशालरावांचे इंग्रजी कारकून. खुशालराव कापसाचे मोठे व्यापारी. कापूस विकतात इथल्या छावणीतल्या इंग्रज साहेबाला, आणि त्याच्या गाठी दाबून घेतात अकोल्याच्या अमेरिकन साहेबाच्या यंत्रावर. दोघांनाही पत्रं इंग्रजीत जावी लागतात. आमची स्वारी इंग्रजी बोलते, आणि काय बोलते! फाटकात शिरतानाच आवाज असा लागतो की तबेल्यातली घोडी कान टवकारतात. पण लेखणी धरली की घाम. म्हणून दिवाळीपासून पत्रं मी लिहिते आणि हे खाली सही करतात. सही मात्र झोकदार. नावाखाली तीन वळणांची शेपटी, वाघाला शोभेल अशी!

हे बाहेर कोणालाच माहीत नाही. सासूबाईंनाही नाही. कळलं तर यांची नोकरी गेली आणि माझी लेखणीही गेली.

मला इंग्रजी शिकवलं नगरच्या पाद्रीणबाईंनी. वडील त्यांना मराठी शिकवायला जायचे, मी त्यांच्या मागे मागे. बाई अमेरिकेच्या. त्यांनी कलर म्हणजे रंग शिकवला, ऑनर म्हणजे मान शिकवला, लेबर म्हणजे मजुरी शिकवली, फेवर म्हणजे कृपा शिकवली — सगळं यू शिवाय. इतकी वर्षं मी बिनयूची सुखात होते.

मार्गशीर्ष शुद्ध ५

पाच यू घातले. पत्र गेलं. साहेब गप्प.

मार्गशीर्ष शुद्ध १२

आता दुसरा चावला!

साहेबलोकांना यू आवडतो असं समजून मी अकोल्याच्या पत्रातही सढळ हातानं घातले. आज त्याचं उत्तर आलं. कामाचं सगळं लिहून झाल्यावर खाली दोन ओळी: 'मित्रा, तुझ्या पत्रात जागोजाग यू सांडले आहेत. अकोल्यात शाई महाग आहे. हे इंग्रजांचे लाड तिकडेच राहू दे.'

वाचून हे खो खो हसले. मला हसू आलं नाही. एक म्हणतो घाल, एक म्हणतो गाळ. आणि दोघांचं म्हणणं, आपलंच बरोबर.

या अमेरिकन साहेबाच्या देशात म्हणे भाऊ भावाशी लढतोय. चार वर्षं होत आली. तिकडचा कापूस बंद पडला म्हणून आमच्या वऱ्हाडाला एवढे दिवस आले की कालपर्यंत अनवाणी फिरणारे आज बैलांच्या शिंगांना चांदी मढवतात. घरी एवढी लढाई पेटलेली, आणि हा गृहस्थ अकोल्यात बसून एका अक्षरासाठी इंग्रजांशी लढतोय!

दोघांची नावं ठेवली. छावणीतला तो घाल्या साहेब. अकोल्याचा तो गाळ्या साहेब. यांना सांगितलं तर म्हणाले, चुकूनही तोंडातून काढू नकोस, माझ्याच तोंडून बंगल्यावर निघेल.

मार्गशीर्ष वद्य ३

किती वेळा चुकावं माणसानं! घाल्याचं पत्र लिहिताना गाळ्या आठवतो, गाळ्याचं लिहिताना घाल्या. शेवटी आज दुपारी सासूबाई लवंडल्यावर जात्यामागच्या भिंतीवर कोळशानं यादी केली. डावीकडे अमरावती, उजवीकडे अकोला. एकच शब्द दोनदा, दोन तऱ्हांनी. एकूण सतरा जोड्या निघाल्या. आता दळताना समोरच असतात.

दळता दळता वाटलं, यात नवीन ते काय? नगरला मी 'मला' म्हणायचे. लग्न होऊन इथं आले, 'मला पाणी द्या' म्हटलं तर शेजारच्या माणिकबाई तोंडाला पदर लावून हसल्या. 'मले' म्हणायला लागले. माहेरी गेले आणि 'मले' निघालं तर वडील हसले. आता वडिलांना पत्र लिहिते ते 'मला'चं आणि माणिकबाईंशी बोलते ते 'मले'चं. दोन्हीकडे मी तीच. पाणी दोन्हीकडे मिळतं.

साहेबांनाही ज्याचं त्याचं द्यावं. कोण खरं ते त्यांनी आपसांत ठरवावं.

मार्गशीर्ष वद्य ४

सकाळी बघते तर यादीला हळदकुंकू! सतराच्या सतरा जोड्यांना. सासूबाईंना वाटलं मी कसलंसं व्रत धरलंय आणि देवी मांडलीय. 'कोणची देवी व्हय?' विचारलं. मी म्हटलं, अक्षरांची. मग त्यांनी वर एक फूलही चिकटवलं.

हे जेवायला बसले आणि भिंत बघून ठसका लागला.

पौष शुद्ध ६

आज मी एक गुन्हा केला. मुद्दाम.

काल घाल्या साहेबानं यांना सकाळी बोलावलं आणि दुपारपर्यंत पायऱ्यांखाली उभं ठेवलं. थंडी मरणाची. आत काटेचमचे वाजत होते, बाहेर हे. मग शिपाई आला — आज नको, उद्या या. हे घरी आले. भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. एवढा मोठा आवाज असलेला माणूस गप्प बसला की घर कसं ओकंबोकं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्यामागून राग.

आजच्या पत्राच्या शेवटी इंग्रजीत ते असतं ना, 'आपला आज्ञाधारक सेवक असण्याचा मान मला आहे' वगैरे — त्यातल्या मानातला यू मी काढून टाकला. बाकी सगळे घातले, एवढा एकच नाही. यांना त्यानं मान दिला नाही, मग मी तरी त्याला पुरा का द्यावा?

फार बरं वाटलं. दुपारी पोटभर जेवले.

पौष शुद्ध ८

बरं वाटलेलं सगळं निघालं.

साहेबानं पत्र घेऊन खुशालरावांनाच बोलावलं. तुझा कारकून माझी थट्टा करतो म्हणाला. पुन्हा असं झालं तर दुसरा कारकून बघ, नाहीतर मी दुसरा व्यापारी बघतो. खुशालराव यांच्यावर बरसले. त्या माणसाला इंग्रजीचा गंध नाही. तो रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवणारा, तोंडानं शब्द न काढता शंभर गाड्यांचा सौदा करणारा. एका अक्षरानं एवढं आभाळ कसं कोसळलं ते त्यांना समजेना, म्हणून राग दुप्पट.

यांनी मला विचारलं, विसरलीस का? खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, विसरले नाही. कापला.

हे बघतच राहिले. मग हसू फुटलं, आणि मग पुन्हा चेहरा उतरला. म्हणाले, तू कापतेस अक्षर, आणि मान माझी जाते.

कानाला खडा. पुन्हा नाही.

पौष शुद्ध ९

यू आहेत. सगळे आहेत. तीनदा मोजले.

पौष पौर्णिमा. संक्रांत

माणिकबाईंकडे हळदीकुंकू. त्यांच्या मळ्यातला ऊस, हरभरा, बोरं. सगळ्याजणींनी धरून बसवलं, नाव घ्या! नाव घेतल्याशिवाय वाण नाही! माझ्या नगरी बोलीची त्यांना गंमत वाटते, म्हणून माझ्यामागे जास्त लागतात. घेतलं एकदाचं. बाजरी आणि हाजरी जुळवली.

उखाण्यातलं नाव इथं लिहीत नाही. वही माझी असली म्हणून काय झालं? उखाण्याबाहेर नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. खरं की खोटं मला ठाऊक नाही. पण करून बघायची गोष्ट आहे का ही!

माघ शुद्ध ३

हे आज अकोल्याला गेले. चाळीस गाड्या कापूस, गाळ्या साहेबाच्या यंत्रावर गाठी दाबायच्या आणि तिथूनच मुंबईकडे रवाना करायच्या. जाताना विचारलं, माझ्यामागं पत्र आलं तर? मी म्हटलं, येणार नाही. म्हणाले, आलं तर थांबायला सांग.

पहाटे गाड्यांच्या घुंगरांचा आवाज बडनेऱ्याच्या वाटेपर्यंत येत होता. नंतर आलाच नाही.

माघ शुद्ध १०

पत्र आलं. थांबणारं नव्हतं.

दुपारी खुशालराव स्वतः ओट्यावर. घामाघूम. हातात घाल्या साहेबाचं पत्र आणि मागे साहेबाचा शिपाई. शिपायानं तोंडी सांगितलंच होतं: माल अकोल्याहून कधी निघणार ते आजच्या आज लेखी पाहिजे. मुंबईला जहाज आहे. लेखी आलं नाही तर उद्या सौदा दुसऱ्याशी. 'बापू तिकडं गाड्यांसंगं, अन् साहेबाले आज उत्तर पायजे. मी काय करू?' खुशालराव सासूबाईंना म्हणत होते. बापू म्हणजे हे. सासूबाई यांना बापूच म्हणतात, म्हणून गावही म्हणतं.

मी दाराआड उभी. सौदा गेला की खुशालराव आधी कोणाला काढणार ते उघड होतं. गावाला गेलेल्या कारकुनाला. आणि तोंडातून निघून गेलं, 'उत्तर लिहून ठेवून गेले आहेत. शोधून देते.'

मग खुशालराव म्हणाले, 'पत्र आत्ता आलं न, वहिनी. उत्तर आधीच लिवलं?'

सुचलं ते सासूबाईंना. 'बापू लहानपनापासून तसाच हाय. पुढचं आधी करते अन् मागचं ईसरते.'

खुशालरावांना गूळपाणी दिलं आणि मी उत्तर 'शोधायला' बसले. शोधायला तासभर लागला! भिंतीवरची डावी बाजू बघत बघत लिहिलं. यांचा परवाच निरोप आला होता की निम्म्या गाठी दाबून झाल्या, म्हणून लिहिलं, शिवरात्रीच्या आत माल अकोला सोडेल. रंगात यू, कृपेत यू, मजुरीत यू, मानात तर मी दोनदा बघून घातला. सुरेख पत्र झालं.

आणि खाली आले. नाव!

दर वेळी ती जागा मी कोरी सोडते आणि हे शेपटी काढून मोकळे होतात. आज सही करणारे पंचवीस कोसांवर. बिनानावाचं पत्र साहेब फाडून टाकतो, हे शिपाई ओट्यावर दोनदा बोलून झाला होता. शेपटी मला हुबेहूब काढता येते. पण शेपटीच्या वर नाव लागतं, आणि ते लिहायचं तर ते आधी मनात घ्यावं लागतं. पहिलं अक्षर काढलं आणि हात थांबला. रस्त्यावर तापाची साथ आहे म्हणतात. पूर्णेच्या उतारावर मागच्या आठवड्यात गाडी उलटली. असल्या वेळी मी यांचं नाव कागदावर घेऊ? लेखणी खाली ठेवली. हसावं की रडावं कळेना. सतरा शब्द दोन-दोन तऱ्हांनी लिहिणारी मी, आणि हा एक शब्द एकाही तऱ्हेनं लिहिता येत नाही!

सासूबाई तूर निवडत होत्या. विचारलं, लिहिलं तर ते नाव घेतल्यासारखं होतं का हो? त्या वर न बघता म्हणाल्या, 'मले कुठं लिवता येते? मले काय विचारतं?' मग सुपातला खडा बाजूला टाकला. 'नाव घ्याचंच असंल तं उखान्यात घ्या लागते, पोरी. येवढं तं तुमच्या नगरातई असंल.'

उखाण्यात!

मग मी उखाणा घातला. इंग्रजीत. कापसाच्या पत्राखाली, जिथं सही येते तिथं. साहेबाच्या भाषेत यमक जुळवताना कपाळावरचं कुंकू पाघळलं. यांच्या नावाला तिकडे एकच शब्द जुळला — माणूस या अर्थाचा. तो काही वाईट नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर असं:

चाळीस गाड्या कापसाच्या, मागं टाकलं रान,
शिवरात्रीच्या आत माल धाडतील सूर्यभान.

आणि खाली शेपटी. घडी घातली, लाख लावली, सासूबाईंच्या हातून ओट्यावर दिली.

उखाण्यात घेतलं आहे, म्हणून इथंही लिहिलं. बाधणार नाही.

माघ शुद्ध ११

काल हुशारी वाटली होती. आज सारखी दारात जाऊन शिपाई येतो का बघते. त्या घाल्यानं यांना एका अक्षरासाठी काढायची धमकी दिली होती. मी तर अख्खा उखाणा घातला!

माघ शुद्ध १२

साहेबाचा शिपाई खुशालरावांकडे निरोप ठेवून गेला: सौदा तूर्त ठेवला आहे. कारकून अकोल्याहून आला की आधी बंगल्यावर. घरी जायच्या आधी.

घरी जायच्या आधी. म्हणजे मला सांगायलाही मिळणार नाही.

माघ वद्य ५

गाळ्या साहेबाचं पत्र. सगळ्या गाठी निघाल्या, काल सकाळीच. शिवरात्रीला नऊ दिवस बाकी. त्याच्या पत्रात एक यू नाही, आणि मला तो माणूस एकदम फार आवडायला लागला.

माघ वद्य ९

हे काल आले. सुखरूप आहेत. तेवढं आधी लिहिते.

वाटेतूनच यांना बंगल्यावर नेलं. घरी आले ते तिन्हीसांजेला. पाय धुतले, जेवले, आणि भिंतीकडे तोंड करून पडले. काय झालं विचारलं तर काही नाही. मी उखाण्याचं सांगायला तोंड उघडलं. 'वाचला' म्हणाले. बस. एवढंच.

बाकी सगळं आज सकाळी खुशालरावांकडून कळलं. ते ओट्यावर सासूबाईंना सांगत होते आणि मी दाराला कान लावून. साहेबानं सगळ्यांसमोर यांच्या हातात ते पत्र दिलं, वाच म्हणाला. यांनी नेहमीसारखं खणखणीत सुरू केलं. शेवटाला आले आणि आवाज बसला. मग हळूहळू, एकेक शब्द करून वाचलं आणि कानापर्यंत लाल झाले. साहेब हसला. म्हणाला, कारकून स्वतःवरच कविता करतो का? 'मंग बापू इंग्रजीत काही बोलला. थोडंसंच. अन् साहेबाचं हसू गेलं,' खुशालराव म्हणाले. काय बोलले ते त्यांना बाहेर आल्यावर यांनी सांगितलं होतं: स्वतःचा उखाणा स्वतः घेणारा पुरुष अजून वऱ्हाडात जन्मला नाही. हे पत्र मी लिहिलं नाही. आजवरचं एकही लिहिलं नाही.

एकही! नोकरी वाचवायला एक होकार पुरला असता. मीच केली कविता, म्हणायचं. आणि हे खरं बोलून आले.

साहेबाचं म्हणणं, एवढ्या मालाचा शब्द गाण्यावर धरता येत नाही. ज्यानं लिहिलं त्याचं नाव साध्या अक्षरांत खाली पाहिजे. द्वादशीच्या टपालाआधी. ते आलं तर कारकून राहील आणि पत्रंही त्याच हातची येत राहू देत. नाही तर कारकून आणि व्यापारी, दोघांना रामराम.

खुशालरावांना एवढं सगळं कळलंय, फक्त लिहिणारा कोण ते नाही. बापू सांगत नाही म्हणाले. मग एकदम दाराकडे वळून मलाच विचारलं, 'वहिनी, तुमाले ठावं हाय काय, कोन लिवते?'

मी म्हटलं, दूध उतू जातंय. आणि पळाले. चूल पेटलेलीसुद्धा नव्हती.

माघ वद्य १०

दऊत नाही. लेखणीही नाही. कोनाडा रिकामा.

सकाळी होती. हे बाहेर गेले तेव्हापासून नाही. विचारायचं धाडस झालं नाही, आणि यांनी सांगितलं नाही. हे काजळानं लिहिते आहे, काडीनं. बोटं काळी झाली.

मला वाटलं होतं रागावतील, ओरडतील. ओरडले असते तर मी उत्तर दिलं असतं. दऊतच उचलून नेली त्याला काय उत्तर देऊ? यांचा राग नाही येत. चारचौघांत खाली मान घालायची वेळ माझ्यामुळे दोनदा आली. पण मला माझी लेखणी हवी आहे. हे कोणाला सांगू? वहीला सांगते. मला ती हवी आहे.

माघ वद्य ११

एकादशी. रताळी उकडत होते. माजघरातून सासूबाईंचा आवाज आला. यांच्याशी बोलत होत्या, आणि हळू बोलणं त्यांच्या घराण्यात नाही.

'मले काय दिसत नाई? भितीले कोळसा काय म्या फासला? दिवाळीपासून लिवून राहिली ते. मले सगळं ठावं हाय.'

मग सूप आपटल्याचा आवाज.

'आता दोन दिवस झाले, तोंड शिवून बसला तू. काहून?'

हे काहीतरी पुटपुटले. एवढंच ऐकू आलं — 'जमत नाही, आई.'

'काय जमत नाई? लगनात घेतलं होतं न एकडाव? तुहं नाव तिनं घेतलं, थ्या गोऱ्याच्या दारात. आता तू घे तिचं.'

रताळी खाली लागली. सगळा उपास करपट.

माघ वद्य १२

पुन्हा शाई! दऊत परत आली. सोबत हे आले, आणि हातात कागदांची चळत. ओटीवरच्या माळ्यावर बसून दोन दिवस हेच चाललं होतं म्हणे. प्रत्येक कागदावर इंग्रजीत एकच नाव, पाच-सात निरनिराळ्या तऱ्हांनी, कुठे यू घालून तर कुठे गाळून, डागांसकट, आणि प्रत्येकाखाली तीन वळणांची शेपटी. माझं नाव!

कागद माझ्यापुढे धरले. कानापर्यंत लाल. आणि त्या घोडी बिचकवणाऱ्या आवाजात, सासूबाईंना ऐकू जाईल, माणिकबाईंनाही गेलं असेल, असं म्हणाले, 'सुभद्रा! यातलं बरोबर कुठलं?'

लग्नाच्या चार वर्षांत पहिल्यांदा. उखाण्याशिवाय! मला हुंदका आला, आणि हुंदक्यातून हसू.

मी म्हटलं, आधी सांगा — कुठल्या साहेबाला पाठवायचंय?